दिव्यावर आलेले

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. पण संग्रहालयाच्या दारवानापासून थेट संचालकांपर्यंत सगळे तिला त्याच नावाने ओळखत. नाव ठेवलं होतं सरांनी, ती त्यांच्या हाताखाली शिकायला आली तेव्हा. अंगाने बारीक, बोलायला टोकदार, आणि किड्यांच्या पेटीपाशी एकदा उभी राहिली की जागची हलायची नाही. पुढे सर निवृत्त झाले, कीटकांची खोली तिच्याकडे आली, केसांत चंदेरी पट्टे आले, नाव मात्र होतं तिथेच टोचलेलं राहिलं.

खोली दुसऱ्या मजल्यावर, मागच्या अंगाला. उंच लाकडी कपाटं, त्यांत काचेच्या झाकणांचे खण, आणि सगळ्याला डांबराच्या गोळ्यांचा वास. दुपारी खिडकीतून ऊन आत यायचं आणि कपाटांच्या पितळी मुठींवरून सावकाश सरकत जायचं. तेवढा वेळ त्या खोलीत घड्याळ चालतंय असं वाटायचंच नाही. टाचणी भिंगातून बघत असायची, आणि भिंगातलं जग आणि बाहेरचं जग यांत खरं कुठलं, याचा तिला कधी कधी चक्क विसर पडायचा.

तिचं काम प्रार्थनाकिड्यांचं. पुढचे दोन पाय हात जोडल्यासारखे छातीशी धरून बसणारा आणि मान वळवून माणसाकडे रोखून बघणारा तो किडा. थंड देशांत त्याच्या जाती अगदी मोजक्या. उष्ण प्रदेशांत मात्र नुसती लयलूट. हिरव्या पानासारखे, वाळक्या पानासारखे, काडीसारखे, फुलाच्या पाकळीसारखे, आणि झाडाच्या सालीला चिकटून सालच होऊन जाणारे. यांतला कोण कोणाचा सख्खा आणि कोण नुसता तोंडावळ्याने सारखा, हे ठरवायचं. आणि कोण कुठल्या रानात राहतो याचा नकाशा करायचा. तोंडावळा तर भलताच फसवा. समुद्राच्या दोन काठांवरचे दोन किडे जुळ्या भावांसारखे दिसायचे आणि नात्याने एकमेकांचे कोणीच नसायचे. दोघांनाही आपापल्या झाडांनी आपल्यासारखं करून घेतलेलं असायचं.

भिंतीवर एका डोंगररांगेचा मोठा नकाशा होता. रांगेच्या पश्चिम उतारावर लाल ठिपके, पूर्वेच्या पायथ्याशी निळे. लाल ठिपके एका सालीसारख्या जातीचे. रुंद, चपटी, तपकिरी, पंखांच्या नावाने पाठीवर दोन खवले. कोणे एके काळी परदेशातल्या कुणा अभ्यासकाने एका वाळलेल्या मादीवरून तिचं वर्णन केलं होतं. पुढेही जेवढ्या सापडल्या त्या सगळ्या माद्याच. लॅटिन नाव जिभेला जड, म्हणून खोलीत तिला सालचपटी म्हणत. निळे ठिपके होते सरांनी शोधलेल्या जातीचे. सडपातळ, राखाडी, लांब मिशांची, काचेसारखे पंख असलेली. सरांनी या जातीला आपल्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, नाव दिलं होतं. नावाला लॅटिन शेपूट लागलं तेव्हा काकू म्हणाल्या होत्या की लग्नातही माझं नाव इतकं बदललं नव्हतं. एक डोंगर दोन जातींना कसा वेगळा ठेवतो, याचं उदाहरण म्हणून हा नकाशा शिकवला जायचा.

काकू शाळेत गणित शिकवायच्या. सुट्टी लागली की दोघं पूर्वेच्या पायथ्याशी मुक्काम ठोकायची. दोरीवर पांढरी चादर, चादरीमागे दिवा, आणि समोर दोन घडीच्या खुर्च्या. अंधार पडायला लागला की त्या चादरीवर काचपंखी किडे येऊन बसायचे. पण येणारा प्रत्येक किडा नर. मादी एकही नाही. वर्षामागून वर्षं दोघांनी डोळ्यांत तेल घालून मादी शोधली. काकू हसून सांगायच्या, "जात माझ्या नावाची आणि भरलीय सगळी पुरुषांनी." एका हिवाळ्यात काकू आजारी पडल्या आणि गेल्या. सरांनी पुन्हा चादर बांधली नाही.

आता हे असं एकापुढे एक सांगितलं की कुणालाही वाटेल, इकडे नुसत्या माद्या, तिकडे नुसते नर, मग यात न कळण्यासारखं काय होतं? पण सांगणारं तेव्हा कुणीच नव्हतं. दोघांची अंगकाठी इतकी वेगळी, की अभ्यासकांनी त्यांना दोन वेगळ्या कुळांत घातलं होतं. त्यांचे खण खोलीच्या दोन टोकांना होते. आणि मध्ये अख्खा डोंगर उभा होता. सालचपटीचे नरही कधीतरी सापडतील, तसेच चपटे आणि तपकिरी, असंच सगळे धरून चालले होते. टाचणीही.

त्या वर्षी उन्हं तापायच्या आधी ती पश्चिम उतारावर गेली होती. पायवाटेवर वाऱ्याने मोडून पडलेली एक फांदी होती आणि फांदीला वाळलेल्या फेसासारखी एक डबी चिकटलेली होती. प्रार्थनाकिड्याच्या अंड्यांची डबी. आजूबाजूच्या खोडांवर सालचपट्या बसलेल्या, तेव्हा डबी त्यांचीच असणार. एकदाचा त्यांचा नर बघायला मिळेल म्हणून तिने ती फांदी रुमालात गुंडाळून घरी आणली.

घरी ती आणि आत्या, दोघीच. आत्या टेलिफोनच्या कचेरीत जन्म काढून निवृत्त झालेली. टाचणीला लहानपणापासून तिनेच वाढवलेलं. फांदी बघून आत्याने कपाळावर आठ्या घातल्या आणि स्वयंपाकघरात हे चालणार नाही म्हणून बजावलं. पण स्वयंपाकघराची खिडकीच तेवढी उबदार होती. फांदी तिथेच राहिली.

एका सकाळी डबीतून पिल्लं उतरली. प्रत्येक पिल्लू केसाहून बारीक धाग्याला लोंबकळत खाली आलं, आणि सगळा घोस उन्हात झुलायला लागला. आत्या हातात चहाचा कप घेऊन उभी राहिली ती चहा निवेपर्यंत.

पिल्लं एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात, म्हणून प्रत्येकाला वेगळी बरणी. घरातल्या झाडून सगळ्या बरण्या त्यात गेल्या. खायला आधी फळांवरच्या चिलटांसारख्या माश्या, मग लहान रातकिडे. टाचणी कामावर गेली की त्यांना खाऊ घालायचं आणि बरणीत पाण्याचा फवारा मारायचा, हे काम आपसूक आत्याकडे आलं. ती त्यांच्याशी बोलायची. संध्याकाळी टाचणी आली की कुणी कात टाकली, कुणी उपास धरला, याची खबर मिळायची. एकदा आत्याने अगदी गंभीरपणे सांगितलं, "तो कोपऱ्यातला मान वळवून माझ्याकडे बघत असतो. मीच पाहुणी आहे घरात, असं वाटतं."

पिल्लं मोठी होत गेली. काही रुंद आणि चपटी झाली, काही किरकोळच राहिली. किरकोळ पिल्लांच्या पाठीवर पंखांचे कोंब फुगायला लागले. टाचणी बघत होती, पण तिच्या मनात काही आलं नाही. रोज बघतो ते माणसाला दिसत नाही, तसं झालं.

मग एके दिवशी तिला कणकण आली म्हणून ती घरी राहिली. दुपार होती. आत्या आतल्या खोलीत लवंडली होती. टाचणी अंगावर शाल घेऊन खिडकीपाशी बसली होती, अर्धवट झोपेत, आणि समोरच्या बरणीत एक किरकोळ पिल्लू उलटं लटकून शेवटची कात टाकत होतं. जुन्या कातडीतून ते हळूहळू खाली घसरलं. मग वळलं, वर चढलं आणि स्थिर झालं. त्याच्या पाठीवर ओल्या कागदाच्या दोन गुंडाळ्या होत्या. त्या उलगडायला लागल्या. दुधी, मग धुरकट, मग पारदर्शक. ऊन त्यांतून आरपार गेलं आणि भिंतीवर शिरांची बारीक जाळी पडली.

तापात काहीही दिसतं, असं तिने स्वतःला सांगितलं. पण ती जाळी तिला पाठ होती. विद्यार्थिनी असताना तिने ती सरांसाठी शाईने रेखाटली होती. तो काकूंच्या जातीचा नर होता. आणि त्याच डबीतून निघालेली त्याची सख्खी बहीण शेजारच्या बरणीत सालीच्या तुकड्यावर चपटी होऊन बसली होती.

दोन जाती नव्हत्याच. एकच होती. माद्यांना पंख नाहीत म्हणून त्या पश्चिमेच्या झाडांना धरून राहत होत्या. नरांना पंख आहेत म्हणून ते रांग ओलांडून भटकत होते. नकाशावर निळे ठिपके जिथे होते तिथे किडे राहत नव्हते. तिथे दोन घडीच्या खुर्च्या टाकून माणसं बसली होती. आणि या विद्येचा नियम सरळ आहे. एका जिवाला दोन नावं दिली गेली असतील तर आधीचं राहतं, नंतरचं जातं. सालचपटीचं नाव आधीचं होतं.

तिने घाई केली नाही. बाकीच्या नरांनाही पंख येऊ दिले. संग्रहालयातले जुने नमुने भिंगाखाली घेतले, जात ओळखायची खूण असलेली पोटाच्या टोकाची ठेवण एकाशी एक लावून पाहिली. सगळं जुळलं. तरी तिने तोंडाला कुलूप लावलं. दिवस जात राहिले. शेवटी आत्यानेच विचारलं की एवढं सापडलंय तर तू सुतकी चेहरा घेऊन का फिरतेस. टाचणीने सगळं सांगितलं. आत्या बराच वेळ बरण्या पुसत राहिली आणि मग म्हणाली, "दुसऱ्या कुणाकडून कळलं त्यांना, तर जास्त लागेल."

सर आपल्या लेकीकडे राहत. लेक दातांची डॉक्टर; खाली दवाखाना, वर घर. टाचणी दोन बरण्या पिशवीत घेऊन गेली तेव्हा लेक दोन पेशंटांच्या मधे जिन्यात भेटायला आली. ऐकून तिचा चेहरा उतरला. लहानपणीच्या तिच्या सगळ्या सुट्ट्या त्या चादरीने खाल्ल्या होत्या. ती आजीकडे आणि आईबाबा डोंगराच्या पायथ्याशी. किडे तिला डोळ्यांसमोर नको असायचे. तरीही ती म्हणाली, "ताई, हे सांगायलाच हवं का? आईचं म्हणून तेवढं एकच आहे त्यांच्याकडे, जे त्यांनी स्वतः केलंय."

टाचणीने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. ती वर गेली.

सर खिडकीजवळच्या आरामखुर्चीत होते. त्यांच्या नजरेच्या मधोमध ढग आला होता. समोरचं माणूस दिसायचं नाही, कडेचं अंधुक दिसायचं. म्हणून ते तिच्याशी बोलताना तोंड दुसरीकडे करून बसले. खालून दात कोरायच्या यंत्राचा बारीक आवाज येत होता. टाचणीने डबीपासून सुरुवात केली आणि मधे कुठेही न थांबता सगळं सांगून टाकलं.

सर म्हणाले, "म्हणजे तू नाव पुसायला आलीस."

"हो, सर."

"पोटाचं टोक पाहिलंस?"

"जुन्या नमुन्यांशी लावून पाहिलं. फरक नाही."

"आणि कान?" प्रार्थनाकिड्याला छातीखाली एकच कान असतो, सर त्याबद्दल विचारत होते, परीक्षेत विचारावं तसे.

"नराला आहे. मादी उडत नाही, तिला जवळजवळ नाहीच."

सरांनी खुर्चीच्या हातावर बोटं आपटली. त्यांना राग आला होता. एका डबीवरून एवढी उडी मारू नये, घरात वाढवलेल्या किड्यांवर भरवसा ठेवू नये, असं ते बरंच काही बोलले. टाचणीने ऐकून घेतलं. ती शिकायला आली होती तेव्हाही ते असेच चिडायचे, आणि चिडता चिडता मधेच थांबून विचार करायचे. तसेच ते आताही थांबले. खालचं यंत्रही थांबलं होतं.

"मादी आणलीयस?" त्यांनी विचारलं.

तिने बरणी उघडून त्यांच्या मनगटाशी धरली. सालचपटी सावकाश बाहेर आली, मनगटावर चढली आणि झुलायला लागली. हे किडे असे झुलतात, वाऱ्यातलं पान झुलावं तसे, वारा नसला तरी. सर मान तिरकी करून कडेच्या नजरेने बघत होते. बघता बघता तेही किंचित झुलायला लागले, आणि टाचणीच्या लक्षात आलं की आपणही झुलतोय. खोलीतलं ऊन पिवळं, दाट झालं होतं. किती वेळ गेला कोण जाणे.

"किती हलकी आहे," सर म्हणाले. "हिला आम्ही किती शोधलं. आणि ही सगळ्यांना माहीत होती."

मग त्यांनी विचारलं की मादी नराला बोलावते कशी. टाचणीने सांगितलं की संध्याकाळी ती पोट वाकवून गंध सोडते. तो गंध वाऱ्यावर पसरतो आणि नर त्याच्या मागावर उडत येतो. सरांनी डोळे मिटले.

"म्हणजे तो तिच्याकडेच निघाला होता. आम्ही मधे दिवा लावला, म्हणून आमच्या चादरीवर येऊन बसला." ते थोडे हसले. "आणि आमची ही मला दर वर्षी विचारायची, हे सगळे एवढे घाबरेघुबरे होऊन कुणाला शोधतायत म्हणून."

सालचपटी त्यांच्या बाहीच्या घडीत जाऊन बसली. टाचणीने ती अलगद परत बरणीत घेतली. सरांनी बाही सारखी केली. ते म्हणाले, "नाव मी दिलं होतं. मागे घ्यायचं तर मीच घेईन. तू लिही, मी सांगतो."

पुढचे काही आठवडे टाचणी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जायची. सर सांगायचे, ती लिहायची. वाक्य पसंत पडलं नाही की ते खोडायला लावायचे, अगदी पूर्वीसारखं. चित्रं तिने नव्याने काढली. नाव मागे घेतल्याचं वाक्य सर्वांत शेवटी लिहायचं ठरलं होतं. त्या दिवशी लेकही दवाखाना बंद करून वर येऊन बसली. सरांनी ते वाक्य कोरड्या आवाजात सांगितलं. वाक्य साधंच होतं: ही जात वेगळी नाही, हा त्या जातीचा नर आहे. टाचणीने ते वाचून दाखवल्यावर ते अचानक म्हणाले, "आमच्या हिला आवडलं असतं हे. सगळ्या नवऱ्यांनी मिळून बायकोचं नाव लावलं, असं म्हणाली असती."

लेकीला आधी हसू आलं आणि मग रडू. आईची ही हसायची तऱ्हा बाबांच्या तोंडून तिने कधी ऐकली नव्हती. ती उठून आत गेली, तोंड धुऊन आली आणि विचारलं, "ते किडे राहतात ते झाड बघायला जाता येतं का? दिवसा? की तिथेही अंधार पडेपर्यंत बसावं लागतं?"

लेख छापून आला. चार ठिकाणांहून शाबासकी आली, एका ठिकाणाहून शंका आली, तिला उत्तर गेलं. टाचणीने संग्रहालयातला काचपंखी नरांचा खण उचलून सालचपट्यांच्या शेजारी आणून ठेवला. खण जड होता. खोली ओलांडताना तिला मधे दोनदा टेकवावा लागला. भिंतीवरच्या नकाशातले निळे ठिपके तिने लाल केले नाहीत. लाल ठिपक्यांना मादीची आणि निळ्यांना नराची खूण दिली, आणि मग उष्ण प्रदेशांतल्या आणखी कुठल्या कुठल्या नकाशांत माणसांच्या खुर्च्याच दिसत असतील, या विचारात ती उभी राहिली. तिच्या हयातीला पुरून उरेल एवढं काम होतं ते. तिला त्याची भीती वाटली नाही.

लेकीने गाडी काढली. मागे सर आणि आत्या, पुढे टाचणी, मांडीवर बरण्या. आत्या येणार नव्हती. पण बरण्यांना शेवटी कोण खाऊ घालणार, असं म्हणत सकाळी तयार होऊन बसली. पश्चिम उतारावर गाडी जाते तिथवर नेली, मग पायवाट. सरांना टाचणी आणि लेकीने दोन्ही बाजूंनी धरलं होतं.

रान गार आणि हिरव्या अंधाराचं होतं. टाचणीने एक जाड खोड निवडलं आणि सरांचा तळहात त्यावर ठेवला. मग मादीला हाताच्या पाठीवर सोडलं. ती पाठीवरून सालीवर गेली, आणि दोन पावलांत दिसेनाशी झाली. आत्या बघतच राहिली. लेकीने नाक जवळ नेऊन शोधली, तरी सापडेना. "इथेच आहे," टाचणी म्हणाली. "आपल्यालाच दिसत नाही."

बाकीच्या माद्या शेजारच्या खोडांवर सोडल्या. नर बरण्या उघडताच उडून गेले होते. आता परत फिरायला हरकत नव्हती, पण सर तळहात तसाच ठेवून उभे राहिले आणि त्यांना कुणी चला म्हटलं नाही. ऊन शेंड्यांवर गेलं. पानं हलायची थांबली, पुन्हा हलली. आत्या एका दगडावर टेकली. टाचणीला आपण किती काळ उभ्या आहोत ते कळेना. तिला वाटलं, आपल्या पायांनाही साल फुटेल.

मग खोडाच्या वरच्या अंगाला, संध्याकाळच्या उरल्यासुरल्या उजेडात, काहीतरी काचेसारखं फडफडलं. एकदा डावीकडे गेलं, चुकलं, परत आलं. आणि सालीवर, त्यांना रिकाम्या दिसणाऱ्या एका जागेपासून वीतभर अंतरावर उतरलं.

टाचणी बोलणार होती. पण त्याआधी लेक बापाच्या कानाशी वाकली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आला."

सरांनी मान हलवली. हात खोडावरून काढून त्यांनी तो लेकीच्या खांद्यावर ठेवला. उतरताना त्यांचा गुडघा दुखत होता, त्यामुळे सगळे अगदी सावकाश उतरले.